नदीअलीकडच्या घरमालकीणबाई

आमच्या घरमालकीणबाईंना डेट्रॉइट आवडत नाही, असं मी जवळजवळ तीन वर्षं समजत होते. कॅनडातल्या विंडसरमध्ये राहून डेट्रॉइट न आवडणारी माणसं तशी पुष्कळ होती, पण न आवडणारीसुद्धा तिथे जायची. मॅच बघायला, स्वस्तात पेट्रोल भरायला, विमान पकडायला. मधे फक्त नदी, पलीकडे अमेरिका. वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीच्या खिडकीतून पलीकडच्या उंच इमारती अशा दिसायच्या, की वाटावं हात लांब केला तर धूळ पुसता येईल. बाई कधीच जायच्या नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "इथून छान दिसतं की. जवळ जाऊन कशाला हिरमोड करून घ्यायचा?"

त्यांच्या शंभर तऱ्हांपैकी ही एक, म्हणून मी सोडून दिलं होतं.

मी अमरावतीची. गाड्यांच्या प्लास्टिकच्या भागांचे साचे बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत डिझाइनचं काम मिळालं, म्हणून दोन हजार पाचच्या हिवाळ्यात विंडसरला आले. खोलीची जाहिरात बघून पश्चिमेकडच्या एका विटांच्या दुमजली घराची बेल वाजवली. दार उघडलं ते एका बुटक्या, रुंद खांद्यांच्या बाईंनी. एल साल्वादोरच्या. पन्नाशीला आलेल्या. इस्पितळाच्या लॉन्ड्रीत पहाटेच्या पाळीला कामाला जायच्या. पगार किती, सिगरेट ओढतेस का, पाहुणे किती येतात, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. मला किचनच्या टेबलाशी बसवलं, कॉफी दिली आणि विचारलं, "तुझ्या देशात शेवटचं मत कधी दिलंस?"

मी गोंधळले. इंजिनियरिंगला पुण्यात होते, नाव अमरावतीच्या यादीत, मग नोकरी. खरं तर मी कधी मत दिलंच नव्हतं. तसं सांगितलं.

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आमची आई उपाशी निघालेल्या माणसाकडे बघते. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, "खोली घे. इथे सवय लागेल."

सवय लागेल म्हणजे काय, ते पहिल्याच आठवड्यात कळलं. त्या घरात प्रत्येक गोष्टीवर मतदान व्हायचं. घरात आम्ही तिघी: बाई, मी आणि बेसमेंटमध्ये राहणारी फिलोमीना. फिलोमीना वसईची, नर्स. कॅनडात येऊन मला मराठीत पहिली हाक मारली ती तिनेच. तर तिघींच्या त्या घरात वॉशिंग मशीन कुणी कोणत्या वारी वापरायचं, ड्राइव्हवेवरचा बर्फ कुणी शोव्हल करायचा, माझ्या फोडणीने स्मोक अलार्म वाजतो तेव्हा थंडीत कोणती खिडकी उघडायची, या सगळ्याला बॅलट. बिस्किटांच्या निळ्या डब्याच्या झाकणाला बाईंनी चाकूने फट पाडली होती. मत लिहायला एकेकीने धान्याच्या कोठीत जायचं, दार ओढून घ्यायचं. गुप्ततेबाबत तडजोड नाही.

"बाई, आपण तिघीच आहोत," मी एकदा म्हटलं. "कुणाचं अक्षर कसं आहे, सगळ्यांना ठाऊक आहे."

"मला ठाऊक असलं तरी मी ओळखणार नाही," बाई म्हणाल्या. "त्यालाच गुप्त मतदान म्हणतात."

शोव्हल करण्याच्या ठरावात मी दोन विरुद्ध एक अशी हरले. आठवड्यातले चार दिवस माझ्या वाट्याला आले. मी फणकारून वर निघाले, तर बाईंनी जिन्यातून परत बोलावलं. हरणाऱ्याने जिंकणाऱ्यांशी हात मिळवायचा, हा घराचा नियम. मी मिळवला. फिलोमीनाला हसू आवरेना. मराठीत म्हणाली, "अगं, मला पाठीचा त्रास आहे, पुढच्या खेपेला तुझ्या बाजूने टाकीन." बाईंना भाषा कळली नाही, पण सूर कळला. "प्रचार मतदानाच्या आधी," त्या म्हणाल्या. "नंतर नाही."

खऱ्या निवडणुकीच्या दिवशी बाईंचं रूपच वेगळं. गडद निळा ड्रेस, कानांत मोत्यांच्या कुड्या, ओठांना लिपस्टिक. एरवी फक्त चर्चमध्ये नाताळला दिसायचं हे सगळं. मतदानकेंद्र उघडायच्या आधी अर्धा तास दाराशी उभ्या. देशाची निवडणूक असो, प्रांताची असो की शाळामंडळाची, ड्रेस तोच. आपलं मत टाकून झालं की दिवसभर आपली जुनी व्हॅन घेऊन गल्लोगल्ली फिरायच्या. त्या भागात त्यांच्यासारखी एल साल्वादोर, ग्वातेमाला, कोलंबियातून आलेली बरीच कुटुंबं होती. सिटिझन झालेली, पण मतदानाच्या दिवशी पडदा ओढून घरात बसणारी. बाई दार वाजवायच्या आणि दार उघडेपर्यंत वाजवत राहायच्या. मी आणि फिलोमीना सिटिझन नव्हतो, तरी एकदा आम्हालाही केंद्रापर्यंत नेलं. तिथल्या कर्मचारी बाईंशी ओळख करून दिली: "या दोघी. या पुढच्या खेपेच्या."

दर सोमवारी संध्याकाळी नगर परिषदेची सभा. तिथे प्रेक्षकांत डावीकडची दुसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची बाईंची. कुणी नवखा बसला तर शिपाईच त्याला उठवायचा म्हणे. लॉन्ड्रीजवळच्या बसस्टॉपला छप्पर नाही, पहाटेच्या पाळीच्या बायका बर्फात उभ्या राहतात, हा त्यांचा विषय. आधी नाव नोंदवलं की नागरिकाला पाच मिनिटं बोलता यायचं. बाई त्या विषयावर दीड वर्षात अकरा वेळा बोलल्या. शेवटी छप्पर झालं, पण बांधणाऱ्यांनी ते रस्त्याच्या पलीकडे, उलट दिशेच्या स्टॉपवर बांधलं. मी चिडले. बाई दुसऱ्या दिवशी त्यांना केक देऊन आल्या आणि सोमवारी बाराव्यांदा नाव नोंदवलं.

"केक कशाला?" मी विचारलं.

"बांधतात हे कळलं ना. आता फक्त बाजू शिकवायची."

एकदा त्या स्वतः वॉर्डातून उभ्या राहिल्या. त्या महिन्यात त्यांचे बूट दोनदा तळ लावून आणावे लागले. मतमोजणीच्या संध्याकाळी किचनमध्ये शेजारपाजारचे धरून आम्ही सातजण रेडिओला कान लावून बसलो होतो. बाईंनी मक्याच्या पानात गुंडाळून उकडलेले तामाले केले होते, ते कुणाच्या घशाखाली उतरेनात. निकाल लागला. बाई शेवटून दुसऱ्या. त्यांनी फोन उचलून जिंकलेल्या माणसाचं अभिनंदन केलं, मग तामाले आग्रहाने वाढले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाई, या गल्लीतल्या निम्म्या लोकांनी तुमच्यासमोर शपथ घेतली होती."

"हो. खोटं बोलण्याइतका तरी मान ठेवला त्यांनी," बाई म्हणाल्या. "पहिल्या वर्षी दारच उघडत नव्हते."

नवऱ्याबद्दल त्या फार बोलत नसत. विषय निघाला तर एवढंच, "तो दुसऱ्या पक्षात गेला." आम्हीही खोदून विचारलं नाही.

त्यांच्या या वेडामागे काय आहे, ते मला एका साध्या वाक्यामुळे कळलं. दोन हजार आठच्या वसंतात बेसमेंटमध्ये बाई आणि मी ड्रायरमधून चादरी काढून घड्या घालत होतो. ऑफिसात माणसं कमी करायची कुजबुज सुरू झाली होती, मी वैतागलेली होते. बाईंचं काहीतरी शाळामंडळाबद्दल चाललं होतं. मी म्हटलं, "एका मताने काय फरक पडतो हो बाई?"

त्यांनी हातातली चादर घडी पूर्ण करून ठेवली. मग बोलायला लागल्या. आवाज नेहमीचाच.

त्यांच्या देशात तेव्हा यादवी चालली होती. निवडणूक जाहीर झाली. मत देणं सक्तीचं. मत दिलं की ओळखपत्रावर शिक्का मारायचे. गावाबाहेर डोंगरात जे लोक होते, त्यांचं म्हणणं निवडणूक खोटी आहे, शिक्का दिसला तर आमच्याशी गाठ आहे. आणि सैनिकांचं म्हणणं, शिक्का नसला तर तू डोंगरवाल्यांचा. बाईंचे वडील सुतार. ते गेले, मत देऊन आले. घरी आल्यावर डोंगरवाले रस्त्यात अडवून शिक्के बघताहेत असं ऐकलं, म्हणून त्यांनी ओळखपत्र चुलीत टाकलं. तीन दिवसांनी सैनिक घरोघर ओळखपत्रं तपासत आले.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. ओळखपत्र नव्हतं," बाई म्हणाल्या. "त्यांना ट्रकमध्ये बसवून नेलं. आम्ही वर्षभर वाट पाहिली."

त्या चोवीस वर्षांच्या होत्या, धाकटा भाऊ एकोणीसचा. आई आधीच गेलेली. दोघं उत्तरेला निघाले. मेक्सिको ओलांडून, कागदाशिवाय अमेरिकेत, शेवटी डेट्रॉइटला. तिथून बाई पुढे कॅनडात आल्या, आसरा मागितला, मिळाला. भाऊ तिथेच राहिला. पुढे तिथल्या सरकारने जुन्या लोकांना कागद दिले, त्यात त्यालाही मिळाले, आणि कालांतराने तो अमेरिकेचा नागरिक झाला.

"इथे मी मत देते आणि घरी येऊन झोपते," बाई म्हणाल्या. "कुणी दार वाजवत नाही. हे तुला साधं वाटतं." आणि त्यांनी पुढची चादर उचलली. मी तिचं दुसरं टोक धरलं. त्यानंतर मी ते वाक्य परत कधी उच्चारलं नाही.

भाऊ महिन्यातून एका रविवारी पूल ओलांडून यायचा. छपरं घालायचं काम करायचा, हात डांबराने काळे पडलेले. फार कमी बोलणारा, हसतमुख. येताना पलीकडच्या बेकरीतला गोड पाव आणायचा. बहीणभावाचं जेवण नेहमी हसतखेळत सुरू व्हायचं आणि भांडणात संपायचं. भांडणाचा विषय एकच. नागरिक होऊन सात वर्षं झाली, पण भावाने मतदार म्हणून नाव नोंदवलं नव्हतं. नुसतं मतच नाही. लायब्ररीचं कार्ड नाही, दुकानाचं पॉइंटकार्ड नाही, टपालपेटीवर नाव नाही. घराचा पत्ता कामावरच्या लोकांनाही अर्धवट सांगितलेला. बाईंनी वडिलांच्या मरणातून एक गोष्ट उचलली होती आणि भावाने बरोब्बर उलटी. नाव कुठल्या यादीत गेलं, की एक दिवस कुणीतरी ती यादी हातात घेऊन येतं.

त्या उन्हाळ्यात भांडण टोकाला गेलं. पलीकडे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. टीव्हीवर रोज लॅटिनो मतदारांबद्दल चर्चा. ते कुणाला देतील, बाहेर पडतील का. बाई टीव्हीशी वाद घालायच्या. भाऊ आला त्या रविवारी फिलोमीना आणि मीही टेबलाशी होतो. स्पॅनिशमध्ये आवाज चढत गेले. मग भाऊ एकदम इंग्रजीत बोलला, बहुधा आम्हालाही कळावं म्हणून.

"तू सगळ्यांना सांगतेस, घाबरू नका. वीस वर्षांत तू एकदा तरी पूल ओलांडलास? माझं घर बघितलंस? माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला आलीस?"

बाई टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करू लागल्या. 

मग सगळं बाहेर आलं. डेट्रॉइटला असताना बाई एकदा पकडल्या गेल्या होत्या. कोर्टाची तारीख मिळाली. परत पाठवतील या भीतीने त्या तारखेला गेल्याच नाहीत, आदल्या दिवशी नदी ओलांडून कॅनडात आल्या. म्हणजे पलीकडे कुठेतरी कागदावर त्यांचं नाव होतंच. आता हातात कॅनडाचा पासपोर्ट होता, पण पुलाकडे तोंड केलं की पाय परत घराकडे वळायचे. 'इथून छान दिसतं' या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला, आणि तीन वर्षं आपण त्यावर हसत होतो याची लाज वाटली.

भाऊ मऊपणे म्हणाला, "तू पूल ओलांडून ये. त्या दिवशी मी मत देतो."

"शब्द?"

"शब्द."

सप्टेंबरात त्याने नोंदणीचा फॉर्म भरला. म्हणजे बाईंनी किचनमध्ये बसवून भरून घेतला. सही करताना त्याचा हात इतका सावकाश चालला होता, की फिलोमीना मला हळूच म्हणाली, "बघवत नाही गं."

नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी मी अर्धी सुटी घेतली. कंपनीच्या कामासाठी मला पलीकडे जावं लागायचं, म्हणून माझ्याकडे अमेरिकेचा व्हिसा होता. बाई पाळी संपवून आल्या. निळा ड्रेस, मोत्यांच्या कुड्या, मांडीवर पर्स. पुलाच्या चढावर त्यांनी डोळे मिटले आणि ओठ हलवत राहिल्या. खाली नदीत एक लांबलचक मालवाहू जहाज चाललं होतं. मी म्हटलं, "बाई, बघा तरी." त्यांनी मान हलवली, पण डोळे उघडले नाहीत.

पूल उतरताच अमेरिकेच्या बूथमधल्या अधिकाऱ्याने बाईंचा पासपोर्ट मशीनमध्ये सरकवला, पडद्याकडे बघत राहिला, आणि एक चिठ्ठी देऊन आम्हाला आतल्या इमारतीकडे पाठवलं. आत खुर्च्यांच्या रांगा. बाईंच्या बोटांचे ठसे घेतले. तासाभराने नाव पुकारलं. काउंटरपलीकडे एक तरुण मुलगी होती, पंचविशीची असेल. गणवेश, केस घट्ट बांधलेले, छातीवरच्या पट्टीवर स्पॅनिश आडनाव. बोलत मात्र होती इंग्रजीतच.

"याआधी अमेरिकेत राहिलात?"

"चार वर्षं आणि तीन महिने."

"कोणत्या कागदावर?"

"कागद नव्हता."

मी जमिनीकडे बघत होते. बाई सरळ तिच्याकडे बघत होत्या.

"तुमच्यावर हद्दपारीचा आदेश आहे. एकवीस वर्षांपूर्वीचा. माहीत होतं तुम्हाला?"

"अंदाज होता."

"मग आलात का?"

"माझा भाऊ आज आयुष्यातलं पहिलं मत देणार आहे," बाई म्हणाल्या. "मी आले तर."

ती मुलगी उठली. आत गेली, कुणा वरिष्ठाशी बोलून आली. नाही म्हणाली. मला वाटतं तिला ते सोपं गेलं नाही. एक फॉर्म पुढे केला, परत जात असल्याचा, त्यावर सही करायची. दुसरा एक कागद दिला आणि त्यावर पेनाने खूण केली. खास परवानगीसाठी अर्ज करता येतो, वेळ लागतो, पण करा.

बाईंनी सही केली. कागद पर्समध्ये ठेवला. मग विचारलं, "तू दिलंस का मत आज?"

मुलीने इकडेतिकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात, स्पॅनिशमध्ये उत्तर दिलं. गाडीत बसल्यावर बाईंनी मला अर्थ सांगितला. ती म्हणाली होती, सकाळी. आईला घेऊन गेले होते. आईचंही पहिलंच होतं.

परतताना कॅनडाच्या बूथवर नेहमीचा प्रश्न आला, "अमेरिकेत किती वेळ होता?"

"पोचलेच नाही," बाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी भावाला फोन लावला. तो पलीकडे त्या बेकरीच्या पार्किंगमध्ये ट्रक लावून वाट बघत होता. बाईंनी घडलं तसं सांगितलं. पलीकडून दोन-तीनच वाक्यं आली आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, बघ. यादी असतेच." त्यांनी कानांतल्या कुड्या काढून टेबलावर ठेवल्या. "हरले मी."

कोटही न काढता त्या अंधार पडेपर्यंत तशाच बसून होत्या. फिलोमीनाने सूप केलं, ते गार झालं. त्या दिवशी आमच्या घरात टीव्ही लागला नाही.

रविवारी भाऊ आला. दारातच उभा राहून बोलायला लागला, स्पॅनिशमध्ये, भराभर. तो इतकं बोलतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. बाई एकेक वाक्य आम्हाला इंग्रजीत सांगत होत्या, मग मधेच सांगायचं विसरून गेल्या. उरलेलं त्यानेच सांगितलं.

फोन ठेवल्यावर तो तासभर ट्रकमध्ये बसून राहिला. मनात एकच घोळत होतं: बहिणीने तिथे सीमेवर बसून, विचारलं ते सगळं खरं सांगितलं. आणि आपण नागरिक असून इथे ट्रकमध्ये बसून कुणापासून लपतोय? उठून शाळेतल्या मतदानकेंद्रावर गेला. मोठी रांग. दोन तास उभा राहिला. नंबर आला तेव्हा टेबलापाशी बसलेल्या आजींनी यादीत बोट फिरवलं आणि म्हणाल्या, तुमचं नाव नाही.

"मला बरं वाटायला हवं होतं," भाऊ म्हणाला. "आयुष्यभर मला हेच ऐकायचं होतं ना. नाव नाही. घरी जा."

पण तो गेला नाही. तो म्हणाला, पुन्हा बघा. आजींनी पुन्हा बघितलं. नव्हतं. मागची रांग कुरकुरायला लागली. आणि हा माणूस, जो दुकानात स्वतःचा फोन नंबर द्यायला कचरायचा, तो भर हॉलमध्ये ओरडला, "माझं नाव आहे! माझ्या बहिणीने फॉर्म भरलाय! नीट बघा!" शेवटी कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. एल साल्वादोरच्या लोकांना दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. त्या यादीवाल्यांनी शेवटचं तेच खरं आडनाव धरलं होतं. आजींनी पानं उलटली. आईच्या आडनावाखाली तो होता.

हे ऐकल्यावर बाई उठल्या, सिंकपाशी गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून, नळ सोडून, धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागल्या. 

पुढच्या वर्षी माझी नोकरी गेली. विंडसरमध्ये तेव्हा कुणाची गेली नाही! मला टोरांटोजवळ मार्कहॅमला काम मिळालं, मी तिकडे गेले. बाईंचे फोन यायचे. खास परवानगीचा अर्ज, ठसे, पत्रं, आणखी पत्रं. एकदा शेरा आला की फोटोचा आकार चुकला. बाईंनी नवीन फोटो काढला. दीड वर्ष असं चाललं. मग एका सकाळी फोन आला: "परवानगी आली. शनिवारी गाडी घेऊन ये. त्या दिवशी तू होतीस, या वेळीही तूच हवीस." मी चार तास गाडी हाकत गेले.

पुलावर या वेळी त्यांनी डोळे उघडे ठेवले. आत पुन्हा तासभर बसवलं, पण सोडलं. भावाचं घर पुलापासून दहा मिनिटांवर होतं. तेवढ्या अंतरासाठी तेवीस वर्षं गेली होती. पिवळं, छोटं, कोपऱ्यावरचं घर. बाईंनी प्रत्येक खोली बघितली, वॉशरूमसुद्धा, आणि पडदे धुवायला झालेत असं सांगितलं.

जेवण झाल्यावर भाऊ म्हणाला, मला एका ठिकाणी जायचंय, येता का? त्याच्या वस्तीतली शाळा बंद करून मुलं दुसरीकडे बसने पाठवायचं घाटत होतं. त्याची धाकटी मुलगी त्याच शाळेत होती. लोकांचं म्हणणं ऐकायला त्या दुपारी सभा ठेवली होती. शाळा वाचली नाही, हे आधीच सांगून टाकते. वर्षभर लांबली, मग बंद झाली. पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं.

शाळेच्या जिममध्ये लोखंडी खुर्च्या मांडल्या होत्या. समोर लांब टेबल, त्यामागे पाच-सहा अधिकारी, एका बाजूला सगळं टिपून घेणारी एक बाई, मधोमध माइक. ज्याला बोलायचं त्याने दारात चिठ्ठी भरायची. आमच्या बाईंचा हात आपोआप चिठ्ठीकडे गेला. तिथल्या मुलीने विचारलं, इथले रहिवासी का? बाईंनी हात मागे घेतला. त्या मागच्या रांगेत माझ्याशेजारी येऊन बसल्या, हात मांडीखाली दाबून.

आठ-दहा लोक बोलले. मग भाऊ उठला. इस्त्रीचा शर्ट, ओला करून बसवलेला भांग. माइक त्याच्या उंचीला फार वर होता, त्याला खाली करता येईना, तर टाचा उंचावून उभा राहिला. दोन मिनिटं होती. मला वाटलं, एवढ्या वेळात या अबोल माणसाला इंग्रजीत काय जमणार?

त्याने आधी नाव सांगितलं. पूर्ण. स्वतःचं, मग वडिलांचं आडनाव, मग आईचं. मग पत्ता. घराचा नंबर, रस्ता, "कोपऱ्यावरचं पिवळं घर." टिपून घेणाऱ्या बाईने मान वर केली आणि म्हणाली, सर, जरा स्पेलिंग सांगता का?

"हो," तो म्हणाला. "मी सांगतो."

आणि तो एकेक अक्षर सांगू लागला, सावकाश, प्रत्येक अक्षरानंतर थांबून, तिचं लिहून झालं की नाही ते बघत.  माझ्या शेजारी बाईंचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.